तिथीचा विमा मिळत नाही

मूर्ती फुटली तर विम्याचे पैसे मिळतात. उशिरा पोचली तर मिळत नाहीत. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या विम्याची जी प्रमाणित कलमं जगभर वापरली जातात, त्यांत उशिरामुळे झालेलं नुकसान साफ वगळलेलं असतं. चादरी पाठवणाऱ्यालाही हे कलम जाचतं, नाही असं नाही. पण चादर पंधरा दिवसांनी पोचली तरी ती चादरच असते. चतुर्थीनंतर आठ दिवसांनी न्यू जर्सीच्या धक्क्यावर उतरलेला गणपती त्या वर्षापुरता माल राहत नाही. त्याला पुढच्या भाद्रपदापर्यंत गोदामाचं भाडं लागतं, एवढंच.

सण आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांच्याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक अभिमानाचा: बघा, आपली दिवाळी न्यूयॉर्कला पोचली. दुसरा तक्रारीचा: बघा, आपल्या दिवाळीत चीन घुसला. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींत मुद्दा हुकतो. या सगळ्या उलाढालीचं वेगळेपण एकाच गोष्टीत आहे. सणाच्या मागणीला तारीख असते, ती वर्षभर आधी साऱ्या जगाला ठाऊक असते आणि कुणाच्याही सोयीसाठी ती पुढे ढकलता येत नाही. मग ती तारीख हुकली तर नुकसान कुणाच्या माथी येतं? मला या विषयात रस आहे तो या प्रश्नामुळे.

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने घरटी म्हणावेत इतके दाट आहेत. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला गणपती आठवतो आषाढाच्या आसपास. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची मात्र माघ-फाल्गुनातच बांधाबांध सुरू झालेली असते. डोळ्यांची आखणी झालेल्या, फूट-दीड फुटाच्या मूर्ती फळ्यांवर रांगेने वाळत असतात. इथल्या इथे जाणारा गणपती पेंढ्यात बसतो. परदेशी जाणाऱ्याला पेंढा चालत नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशात गवत, पेंढा असलं वेष्टण आत येऊच देत नाहीत, कारण त्यातून कीड येते. म्हणून त्याच्याभोवती फोम आणि पुठ्ठ्याची खोकी. खोकी ज्या लाकडी पाटांवर रचायची त्यांवर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. मूर्तीच्या सोंडेपेक्षा या पाटाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण सोंड दुखावली तर एक मूर्ती जाते आणि शिक्का चुकला तर अख्खा कंटेनर अडकतो.

तिथून न्हावा-शेवा बंदर जवळच. पुढे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत महिना-दीड महिना. २०२१च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस जगाची वाहतूक तुंबली, तो नेमका मूर्ती निघण्याचा हंगाम होता. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बड्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी वाढली. त्याआधी २०२०ची टाळेबंदी अशीच ऐन निर्यातीच्या तोंडावर आली होती. तांबड्या समुद्रात हल्ले करणाऱ्या येमेनमधल्या हूती बंडखोरांचा आणि हमरापूरच्या रंगाऱ्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटणार नाही. पण जहाज दहा दिवस उशिरा पोचणार म्हणजे मूर्ती दहा दिवस आधी तयार हवी, आणि ते दहा दिवस येतात रंगाऱ्याच्या वाळवणीतून.

बरं, पेणची म्हणून जाणारी ही मूर्ती तरी निखळ पेणची कुठे असते? शाडू येतो भावनगरकडून, प्लास्टर राजस्थानातून. कौशल्य पेणचं. त्यात हिणवण्यासारखं काही नाही. सणाची कुठलीही वस्तू उलटून पाहिली तर तिच्या पाठीवर दोन-चार गावांची नावं सापडतातच.

हे काही आजचंही नाही. आपल्या देवघरांत लक्ष्मीचं जे रूप रुजलं, कमळावर उभी, मागे हत्ती, ते घराघरांत पोचवलं राजा रविवर्म्याच्या छापखान्याने. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना जर्मन यंत्रांवर, जर्मन तंत्रज्ञांच्या हातांनी चालत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मनाच्याच मालकीचा झाला. मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापडाच्या ताग्यांवर हिंदू देवदेवतांची रंगीत लेबलं चिकटवून ते इकडे पाठवत. काडेपेट्या स्वीडन आणि जपानमधून येत, त्यांवरही आपलेच देव. गिऱ्हाइकाच्या मनात शिरायची वाट त्याच्या देवघरातून जाते, हे त्या मंडळींना कुठल्याही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात न बसता कळलं होतं.

त्याला उत्तर देणारी स्वदेशीची चळवळही सणांच्याच अंगाने वाढली. लोकमान्यांनी १८९३ पासून सार्वजनिक केलेल्या गणेशोत्सवात बंगालच्या फाळणीनंतर परदेशी कापड आणि परदेशी साखर यांवरच्या बहिष्काराची भाषणं गाजली. १९०५च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात परदेशी कापड पेटवलं गेलं, तेव्हा त्या कृत्यालाही आपण नाव दिलं ते सणाचं: होळी. आणि याच काळात, १९०९ साली, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून. मराठी माणूस ज्या गोष्टीला आपल्या दिवाळीचं अगदी खास लक्षण मानतो, तिचं बीज नाताळातलं. एकीकडे होळी, दुसरीकडे उसनवारी. दोन्ही एकाच दशकातल्या, आणि दोन्ही आपल्याच.

फराळाच्या ताटाकडे वळू. बेसनाच्या लाडवातली हरभरा डाळ बहुतेक इथलीच. पण पीक कमी आलं की सरकार आयातशुल्क उतरवतं आणि ऑस्ट्रेलियाकडे पाहतं. २०२४च्या मे महिन्यात हरभऱ्यावरचं शुल्क उठलं, तेव्हा क्वीन्सलँड-न्यू साउथ वेल्सच्या शेतकऱ्यांचा पेरणीचा हंगाम चालू होता. त्यांनी हरभऱ्याचं क्षेत्र वाढवलं. तिकडची काढणी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षीची दिवाळी १ नोव्हेंबरच्या आसपास होती. म्हणजे इकडे लाडू वळून झाले तेव्हा तिकडचं बरंचसं पीक शेतात उभं होतं. शुल्क उठलं होतं मार्चअखेरपर्यंत, त्यामुळे व्यापाऱ्याचं काही बिघडलं नाही. लाडवाला मात्र त्या सवलतीचा उपयोग जेमतेमच.

तेलाचं गणित याहून अवघड आहे. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. २०२४ साली १४ सप्टेंबरपासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. दिवाळी सात आठवड्यांवर. चकल्या तळणाऱ्या घराला हा मार बसला हे खरं. पण त्याच वेळी लातूर-वाशिमकडे सोयाबीन काढणीला आलं होतं आणि बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली पडून होता. शिवाय नोव्हेंबरात राज्यात निवडणूक. सणासुदीला तेल महाग केलं म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कितींनी सोयाबीनवाल्याची दिवाळी हिशेबात धरली होती? मला विचाराल तर त्या वर्षी चकली चार रुपयांनी महाग होणं रास्त होतं. फक्त शुल्क वाढलं तेवढा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडला नाही, आणि पुढच्या मेमध्ये ते शुल्क निम्म्यावरही आलं.

काजूकतलीची कथा कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सिंधुदुर्गातल्या कारखान्यांत फोडला जाणारा सगळा काजू सिंधुदुर्गातला नसतो. आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिन इथलं बी जहाजाने येतं, कोकणी हातांनी फुटतं, सोललं जातं आणि 'कोकणचा काजू' म्हणून पेटीत बसतं. बदाम कॅलिफोर्नियाचा. जगातल्या बदामांपैकी साधारण ८० टक्के एकट्या कॅलिफोर्नियात होतात आणि त्यांचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक आपण. गंमत म्हणजे भारत तो बराचसा कवचासकट मागवतो आणि इथे फोडतो. दिल्लीच्या करावल नगर भागात घराघरांत बायका नगावर हे काम करत आल्या आहेत. २००९च्या डिसेंबरात त्यांनी मजुरीसाठी संप केला होता. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात यंत्राने झाड हलवून पाडलेला बदाम दिवाळीच्या डब्यात पोचेपर्यंत त्याला लागलेला शेवटचा मानवी हात हा असा असतो. अमेरिकेने पोलाद-ॲल्युमिनियमवर लावलेल्या शुल्काला प्रत्युत्तर म्हणून भारताने २०१९ साली बदाम, अक्रोड, सफरचंदांवर जादा शुल्क लावलं. ते उठलं २०२३च्या सप्टेंबरात, तेव्हाही दिवाळी दोन महिन्यांवरच होती. वाटाघाटीला बसणाऱ्यांना सुक्या मेव्याची डबी कधी उघडते हे चांगलं माहीत असतं.

हिंगाचं एका वाक्यात: चिवड्यातला हिंग अफगाणिस्तान-इराणचा, आणि तो इथे पिकवायचा पहिला पद्धतशीर प्रयत्न हिमाचलच्या लाहौलमध्ये २०२० साली झाला.

आता धनत्रयोदशी. २०२५ सालची धनत्रयोदशी, १८ ऑक्टोबर, चांदीच्या जागतिक बाजाराला बराच काळ विसरता येणार नाही. सोनं १० ग्रॅमला सव्वा लाखाच्या पुढे गेलं होतं. ज्यांना सोन्याच्या दुकानाची पायरी चढवेना ते चांदीकडे वळले. त्यातच चांदी आणखी वाढणार अशी हवा समाजमाध्यमांवर महिनाभर तापत होती. एरवी भारतीय व्यापारी चीन-हाँगकाँगकडूनही चांदी उचलतात. पण १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची आठवड्याभराची सुट्टी. तिकडे शटर खाली, इकडे धनत्रयोदशी तोंडावर. सगळा ओघ लंडनकडे वळला. लंडनच्या तिजोऱ्यांत चांदी होती, पण तिच्यातली बरीचशी गुंतवणूक निधींच्या नावावर बांधलेली. मोकळी फार थोडी. उसनी चांदी घेण्याचं व्याज भडकलं, न्यूयॉर्कहून चांदीच्या विटा विमानाने लंडनला आणण्याची वेळ आली. भारतात आंतरराष्ट्रीय भावावर एरवी औंसामागे काही सेंट जादा मोजावे लागतात, ते डॉलरच्या पुढे गेले. आपल्याकडच्या काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत नवे पैसे घेणं थांबवलं. भाव औंसाला ५४ डॉलरच्या वर गेला आणि धनत्रयोदशीच्या आदल्याच दिवशी कोसळला.

या प्रसंगाचं खापर भारतीय सराफाच्या 'अंधश्रद्धे'वर फोडणारे लेख तेव्हा वाचायला मिळाले. वास्तविक दोन देशांच्या दोन सणांमधल्या पंधरा-अठरा दिवसांनी लंडनच्या जुन्या बाजाराचा कमकुवतपणा उघडा पाडला होता. धनत्रयोदशी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. तिजोरीत मोकळी चांदी किती आहे हे मात्र लंडनने वेळेवर पाहिलं नाही. आणि शेवटी भरपाई केली कुणी? त्या आठवड्यात चढ्या भावाने चांदीचं नाणं घेणाऱ्या घराने.

सोन्याचा मार्ग यापेक्षा सुरळीत आहे, कारण तो गेली काही वर्षं करारांनी बांधून घेतलाय. स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, टिचिनो परगण्यात, जगातले मोठे शुद्धीकरण कारखाने आहेत; त्यांपैकी वालकाम्बी हा २०१५ साली बंगळूरच्या राजेश एक्सपोर्ट्‌सने विकत घेतला. तिथलाच पाम्प लक्ष्मीचं चित्र असलेल्या सोन्याच्या वड्या काढतो. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२१ साली २० ग्रॅमची लक्ष्मीची वडी काढली, कार्डिफच्या स्वामिनारायण मंदिराच्या मदतीने, आणि पुढच्या वर्षी गणपतीची. ज्या राजवटीने इथल्या रुपयावर राणी छापली तिच्या टांकसाळीने दीडशे वर्षांनी लक्ष्मी छापावी, याचा कुणाला काव्यगत न्याय वाटेल. मला ते शुद्ध दुकानदारीचं लक्षण वाटतं, आणि दुकानदारीत वाईट काही नसतं.

संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार जास्त महत्त्वाचा. तो लागू झाला १ मे २०२२ला. दोनच दिवसांवर, ३ मेला, अक्षय्य तृतीया होती. त्या कराराखाली निघालेल्या पहिल्या मालात दागिने होते, आणि उलट दिशेने ठरावीक कोट्यापर्यंत, पाच वर्षांत २०० टनांपर्यंत वाढत जाणाऱ्या, सोन्यावर शुल्कात एक टक्का सूट. मुहूर्त पाहून करार लागू केला असं कुणी म्हणणार नाही. पण सराफ्यातल्या माणसांना त्या दोन तारखांचं शेजारपण कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

हिऱ्यांच्या धंद्यात तर दिवाळी ही खरेदीची नव्हे, थांबण्याची वेळ. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी साधारण नऊ सुरतेत किंवा तिच्या आसपास पडतात. दिवाळीला कारखाने बंद होतात आणि रत्नकलाकार सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी जातात. ही सुट्टी दोन-तीन आठवड्यांची. बोट्‌स्वानाच्या गॅबरोनीत डी बीअर्स वर्षातून दहा वेळा कच्चा हिरा विकायला मांडते, आणि दिवाळीआधीच्या विक्रीला सुरतेच्या सुट्टीमुळे मागणी मंद राहते हे त्या कंपनीच्या निवेदनांत नेमाने येतं. अँटवर्पच्या बाजारात जुने व्यापारी ज्यू आणि नंतरचे बरेचसे पालनपुरी जैन. तिथे योम किप्पूर आणि दिवाळी या दोन्ही सुट्ट्या काही आठवड्यांच्या अंतराने येतात आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या सुट्ट्या सांभाळून सौदे करतात. धर्मांच्या सलोख्यावरच्या भाषणांपेक्षा हा सलोखा मला जास्त टिकाऊ वाटतो, कारण त्यात दोघांचेही पैसे अडकलेले असतात.

२०२३ साली या सुट्टीचा वापर हत्यारासारखा झाला. अमेरिका-चीनमधली मागणी घटली, कृत्रिम हिऱ्यांनी भाव पाडला, पैलू पडलेला माल साठत चालला. तेव्हा भारतीय व्यापारी संघटनांनी ठरवून १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर कच्च्या हिऱ्याची आयात थांबवली. दिवाळी, १२ नोव्हेंबर, बरोबर मधोमध. रशियाच्या अलरोसाने त्यांच्या विनंतीवरून सप्टेंबर-ऑक्टोबरची विक्रीच बंद ठेवली. दिवाळीच्या आडोशाने जगातल्या एका मोठ्या धंद्याने स्वतःला श्वास घ्यायला जागा करून घेतली, आणि ही चाल व्यापाऱ्यांच्या बाजूने हुशारीची होती यात शंका नाही. मात्र रत्नकलाकाराला मजुरी मिळते नगावर. सुट्टी लांबली की त्याची कमाई तेवढे दिवस बंद. २००८च्या मंदीत दिवाळीला गावी गेलेल्यांपैकी अनेकांचे कारखाने पुन्हा उघडलेच नाहीत. सुट्टी एकच, पण गादीवरच्याची आणि घंटीवरच्याची दिवाळी वेगळी. सुरतेत हिऱ्याच्या चाकाला घंटी म्हणतात.

मुंबईच्या बाजूला सण आणि धंदा यांच्या अशाच गाठीचं दुसरं रूप २७ ऑगस्ट २०२५ला दिसलं. त्या दिवशी गणेशचतुर्थी. शेअर बाजार बंद. घराघरांत प्रतिष्ठापनेची गडबड चाललेली असताना, सकाळी साडेनऊच्या सुमारास, भारतीय मालावरचं अमेरिकी शुल्क ५० टक्के झालं. अमेरिकी वेळेप्रमाणे तेव्हा मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं होतं. त्या मिनिटाच्या आत जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडे उतरणाऱ्या मालाला जुना दर. अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रातले दागिने, कोळंबी, तिरुपूरचे बनियन, सगळ्यांची त्या आठवड्यात एकच शर्यत. सीप्झमध्ये काम करणारे किती तरी चाकरमानी एरवी चतुर्थीच्या दोन दिवस आधी कोकणची गाडी धरतात. त्या वर्षी एका बाजूला गावच्या गाडीचं आरक्षण, दुसऱ्या बाजूला विमानात चढवायचा माल. निर्यातदार पेणचा असो की अंधेरीचा, चतुर्थीच्या आत माल पोचवायचा ही एकच चिंता त्या वर्षी दोघांना होती, फक्त एकाला तारीख देवाने दिली होती आणि दुसऱ्याला वॉशिंग्टनने.

सरकारही आता पंचांग उघडून बसतं. वस्तू आणि सेवा कराचे कमी केलेले दर ३ सप्टेंबर २०२५ला जाहीर झाले आणि लागू झाले २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. मधले बहुतेक दिवस पितृपक्षाचे. त्या पंधरवड्यात गाडी-फ्रीज कुणी घेत नाहीच, मग सवलतीची वाट पाहून अडलेली विक्री कुणाच्या डोळ्यांवर येण्याचं कारण नव्हतं. पहिल्या माळेला जपानी सुझुकीच्या मारुतीने सुमारे ३० हजार गाड्या ग्राहकांच्या ताब्यात दिल्या. वॉलमार्टच्या मालकीचं फ्लिपकार्ट आणि अमेरिकी ॲमेझॉन यांचे महासेल दुसऱ्याच दिवशी उघडले. कोरियन, जपानी, अमेरिकी कंपन्यांची भारतातली कचेरी आज दाते किंवा कालनिर्णय जितक्या काळजीने पाहते तितकं आपल्या घरातली नवी पिढी पाहत नसेल.

या कंपन्यांची खरी पंचाईत करतो तो अधिक मास. दर तेहतीसेक महिन्यांनी येऊन तो पुढचे सारे सण ढकलतो. नवरात्र २०२५ साली २२ सप्टेंबरला लागलं, म्हणजे विक्रीचा पहिला भर जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, नवरात्र ११ ऑक्टोबरला. ती विक्री पुढच्या तिमाहीत. मग सोलमध्ये किंवा शिकागोत बसलेला वरिष्ठ विचारतो, भारतात विक्री एवढी का घसरली, आणि इथल्या अधिकाऱ्याला इंग्रजीतून अधिक ज्येष्ठ समजावत बसावं लागतं. चिनी नववर्षाला अख्खा देश एकदम बंद होतो, त्यामुळे जगाने ते पाठ केलंय. आपल्याकडे ओणमला केरळ थांबतं, चतुर्थीला कोकण, पूजेला बंगाल, छठला बिहार. हे तसं पाठ होणारं नाही.

चीनच्या माळांबद्दल जितकं बोललं गेलंय त्यामानाने सांगण्यासारखं थोडं आहे. यीवूच्या घाऊक बाजारात वर्षानुवर्षं भारतीय व्यापारी जाऊन दिव्यांच्या माळा, तोरणं, मूर्ती निवडत आले. गलवानमधल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर, २०२० साली, अर्थमंत्र्यांनीही गणपतीच्या मूर्ती चीनमधून कशाला, असं म्हटलं. भावना योग्यच होती, पण आपल्या कारखानदाराला मूर्तीची नव्हे तर वर्षभर अडकून पडणाऱ्या भांडवलाची अडचण असते, आणि त्यावर त्या भाषणांत काही नव्हतं. अगरबत्तीबाबत मात्र थेट पाऊल उचललं गेलं. बरीचशी काळी, कच्ची अगरबत्ती व्हिएतनामहून यायची आणि इथे फक्त सुगंधात बुडवून निघायची. २०१९च्या ऑगस्टअखेर तिची आयात परवान्याखाली आली, पुढच्या वर्षी बांबूच्या काड्यांवरचं शुल्क १० वरून २५ टक्के झालं. त्रिपुरा-आसामच्या बांबूला त्यातून काम मिळालं. बहिष्काराच्या घोषणेपेक्षा काडीवरचं शुल्क परिणामकारक ठरतं, हे बांबूने दाखवलं.

परदेशस्थांचं एक टोक राहिलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था १९८१ची. न्यूयॉर्कच्या शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली १ नोव्हेंबर २०२४ला. या सुट्टीचं कौतुक होतं तसं मॉरिशसचं होत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. तिथे रत्नागिरीकडून एकोणिसाव्या शतकात ऊस तोडायला नेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे आणि गणेशचतुर्थी ही देशाची अधिकृत सार्वजनिक सुट्टी आहे. शेअर बाजारातल्या माणसाला मॉरिशस आठवतो तो कर वाचवून भारतात येणाऱ्या गुंतवणुकीचं दार म्हणून. २०१६ साली करार दुरुस्त होईपर्यंत ते दार सताड उघडं होतं. त्याच बेटावर भाद्रपदात लोक मराठीत आरती म्हणत समुद्राकडे निघालेले असतात, हे त्या कागदपत्रांत कुठे येत नाही.

आता पुन्हा हमरापूर. मूर्ती निघताना निर्यातदार थोडी उचल देतो. उरलेले पैसे तिकडची विक्री झाल्यावर, म्हणजे पितृपक्षाच्याही पुढे. दरम्यान रंग, प्लास्टर, मजुरी यांसाठी पतपेढीचं कर्ज. तिकडच्या दुकानदाराने मूर्ती उधारीवर घेतलेली असते, जहाज कंपनीच्या कागदात पोचण्याची तारीख 'अंदाजे' असते, आणि विम्याच्या कलमात उशीर नसतो. अशी सगळ्यांनी एकेक करून तारखेची जबाबदारी झटकली की ती कुणाकडे उरते ते उघड आहे. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरवर बंदीचे निर्देश दिले, पुढची पाच वर्षं हो-नाही चाललं, आणि २०२५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली. पण परदेशी जाणारा माल तर माघातच ठरवायचा असतो. जूनमध्ये आलेला निकाल त्या वर्षीच्या जहाजासाठी उपयोगाचा नव्हता. आगाऊ रकमेचं प्रमाण वाढवणं, कारखानदारांच्या सहकारी संस्थेने स्वतःचा कंटेनर बांधणं, निदान पाटावरच्या शिक्क्याची सोय तालुक्याच्या गावी होणं, या गोष्टी अवघड नाहीत. त्यांच्यासाठी स्वदेशीचं एकही भाषण लागणार नाही.

२०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला, आदल्या वर्षापेक्षा अठरा दिवसांनी पुढे. जहाजाला तेवढी सवड मिळते. आफ्रिकेला वळसा घातला तरी माल वेळेत पोचतो, रंग नीट वाळतो, डोळे आखणाऱ्याला रात्री जागाव्या लागत नाहीत. पतपेढीच्या वहीत मात्र हे अठरा दिवस व्याजाच्या बाजूला लिहिले जातात.